आफ्रिकेतील चिनी प्रसारमाध्यमे : स्वस्त बातमीचे मोल

नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांची एक जुनी तक्रार होती. शेजारच्या देशातील पूर, निवडणूक वा दुष्काळ यांची वार्ता आपणांस लंडन, पॅरिस किंवा न्यूयॉर्क येथील वृत्तसंस्थांमार्फतच कळते, आणि तीही त्यांच्या दृष्टीने निवडलेली. या तक्रारीतूनच १९७५ साली अलिप्त राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांचा समुच्चय अस्तित्वात आला. युगोस्लाव्हियाची ‘तान्युग’ त्यात अग्रभागी होती. भारताच्या वतीने ‘पीटीआय’ने भार उचलला. १९८० मध्ये युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगानेही याच विषमतेकडे लक्ष वेधले. परंतु समुच्चयाच्या बातम्या म्हणजे बहुतांशी मंत्र्यांच्या भेटीगाठी आणि उद्घाटने. त्या छापण्यास संपादक नाखूष असत. १९९० च्या दशकात हा उपक्रम मावळला. तक्रार मात्र कायम राहिली.

आफ्रिका खंडातील ही रिकामी जागा चीनने हेरली. दुसऱ्या राष्ट्राचे मन बळाने वा पैशाने न वळविता आकर्षणाने वळविणे, या सामर्थ्यास अमेरिकन अभ्यासक जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये ‘सॉफ्ट पॉवर’ हे नाव दिले. २००७ च्या पक्ष अधिवेशनात हू जिंताओ यांनी ही कल्पना चीनच्या अधिकृत धोरणात आणली. तत्पूर्वीच, २००६ मध्ये, चिनी नभोवाणीचे एफएम केंद्र नैरोबीत सुरू झाले होते. २०१२ मध्ये तेथेच चिनी दूरचित्रवाणीचे आफ्रिका केंद्र उघडले. आज ते ‘सीजीटीएन आफ्रिका’ म्हणून ओळखले जाते. २०१५ मध्ये दहा हजार आफ्रिकी खेड्यांत उपग्रह दूरचित्रवाणी पोहोचविण्याची घोषणा झाली व ते काम ‘स्टारटाइम्स’ या चिनी कंपनीकडे आले.

या प्रयत्नांतील लोकप्रिय भाग बातम्यांचा नव्हे. २०११ मध्ये टांझानियात स्वाहिली भाषेत दाखविण्यात आलेली एका चिनी सुनेची व तिच्या सासवांची मालिका लोकांनी आवडीने पाहिली. सासू-सुनेच्या कथेला दुभाष्याची फारशी गरज भासत नसावी! याउलट, केनिया व दक्षिण आफ्रिका येथील प्रेक्षकांच्या अभ्यासांत चिनी वृत्तवाहिन्या पाहणाऱ्यांचे प्रमाण अल्पच आढळले.

तेव्हा प्रभावाचा शोध वाहिनीच्या पडद्यापेक्षा वृत्तपत्राच्या संपादन-कक्षात घेणे अधिक उचित होय. लहान दैनिकांना पाश्चात्त्य वृत्तसंस्थांची वर्गणी जड जाते. चीनची सरकारी वृत्तसंस्था ‘शिन्हुआ’ आपली सेवा अल्प दरात, काही ठिकाणी विनामूल्य देते. वाचक विश्वास ठेवतो तो आपल्या ओळखीच्या दैनिकावर. मजकुरावरील संस्थेचे नाव सहसा कोणी पाहत नाही. आफ्रिकेचे चित्र केवळ यादवी आणि उपासमार एवढेच नसावे, हा चिनी माध्यमांचा आग्रह न्याय्य आहे. नैरोबी केंद्रात अनेक आफ्रिकी पत्रकार काम करतात, हेही मान्य केले पाहिजे. मर्यादा दिसते ती चीनविषयीच प्रश्न उपस्थित होतो तेव्हा. सरकारी माध्यमांनी पक्षाशी एकनिष्ठ राहावे, असे शी जिनपिंग यांनी २०१६ मध्ये स्पष्टपणे बजावले होते.

दक्षिण आफ्रिकेतील एका मोठ्या वृत्तपत्रसमूहात २०१३ पासून चिनी सरकारी संस्थांशी निगडित गुंतवणूकदारांचा सुमारे २० टक्के हिस्सा होता. सप्टेंबर २०१८ मध्ये स्तंभलेखक आझाद एसा यांनी त्या समूहाच्या दैनिकांत चीनमधील उइघुर मुसलमानांच्या छळाविषयी लिहिले. त्यानंतर लगेचच त्यांचा स्तंभ बंद झाला. पृष्ठांच्या पुनर्रचनेचे कारण त्यांना देण्यात आले.

त्याच वर्षी केनियात निराळा अनुभव आला. चिनी कर्जातून उभारलेला मोंबासा-नैरोबी लोहमार्ग २०१७ मध्ये सुरू झाला होता. त्यावरील केनियन कामगारांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीचा वृत्तान्त जुलै २०१८ मध्ये ‘द स्टँडर्ड’ या दैनिकाने प्रसिद्ध केला. हे वृत्त कोणत्याही परदेशी संस्थेकडून आलेले नव्हते. त्या दैनिकाच्या स्वतःच्या वार्ताहरांनी कामगारांशी बोलून ते मिळविले होते, आणि त्या वार्ताहरांचे वेतन केनियातील वाचक व जाहिरातदार यांच्या पैशातून दिले जात होते.