पावसाळ्यात डुकरिणी का गाभडतात?

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. मुरबाडजवळ माझं छोटं वराहपालन आहे. गेल्या महिन्यात तीन डुकरिणी शेवटच्या दिवसांत गाभडल्या. चाऱ्यात काही दोष असेल का? – एक वाचक

उत्तर : चाऱ्यापेक्षा मला उंदरांचा जास्त संशय येतो. डुकरीण ११४ दिवसांनी विते. अखेरच्या महिन्यात गाभ पडणं, मेलेली किंवा मलूल पिल्लं होणं, आणि तेही पावसात, म्हणजे आधी लेप्टोस्पायरोसिस तपासायचा. २००५च्या पुरानंतर मुंबईकरांना हे नाव चांगलंच पाठ झालंय. उंदराच्या मुतातून जंतू पाण्यात येतो. बाधित डुकरीण पुढे कित्येक महिने लघवीतून तो सोडत राहते आणि वरून धडधाकट दिसते!

दुसरा संशयित ब्रुसेला सुइस. नराच्या वीर्यातून तो कळपभर पसरतो. नराची वृषणं सुजलीत का, तेवढं बघा. तो निघाला तर औषधात पैसे घालू नका, बाधित जनावरं काढावीच लागतात. लेप्टोवर मात्र प्रतिजैविकं चालतात, पण मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पडलेलं पिल्लू आणि वार फेकू नका. दुहेरी पिशवीत, बर्फावर ठेवून, गाभडलेल्या डुकरिणींच्या रक्तनमुन्यासह पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत पोचवा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. दोन्ही जंतू माणसाला लागतात, म्हणून हातमोजे आणि गमबूट हवेतच. सफाई करणाऱ्या गड्याला ताप आला, तर डॉक्टरला डुकरांचं काम सांगायला लावा.