स्टेरॉइड आणि श्वेतपेशींचे दप्तर

कोविडच्या साथीतील दोन गोष्टी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असतील. पहिली, २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडहून आलेली वार्ता, की डेक्सामेथासोन ह्या जुन्या व स्वस्त स्टेरॉइडामुळे अत्यवस्थ रोग्यांचे प्राण वाचतात. दुसरी, २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पसरलेली काळ्या बुरशीची, म्हणजे म्युकरमायकोसिसची भीती. तिच्यापायी कित्येकांचे डोळे वा जबडे काढावे लागले, आणि तिच्या कारणांत मधुमेहाच्या जोडीला स्टेरॉइडांचा अवाजवी वापर हेही एक होते. एकच औषध तारक व मारक कसे ठरले, हे कळण्यासाठी श्वेतपेशीच्या अंतरंगात शिरले पाहिजे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. त्याचे प्रमाण सकाळी अधिक व रात्री कमी असते. त्याचेच भावंड असलेले कॉर्टिसोन १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेंच ह्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला टोचले, आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल व राइखस्टाइन ह्या तिघांना ह्याच क्षेत्रातील कार्याबद्दल मिळाले. तथापि हे औषध पेशीत नेमके काय करते, हे उमगायला पुढे कित्येक वर्षे लागली.

जुन्या कचेऱ्यांत कागदपत्रे कापडी रुमालांत बांधून ठेवीत. पेशीच्या केंद्रकातील डीएनए हे तसेच दप्तर समजा. त्यात प्रथिनांच्या कृतीचे सुमारे वीस हजार रुमाल, म्हणजे जनुके, आहेत. दप्तर यकृताच्या पेशीत आणि श्वेतपेशीत जवळजवळ एकच. भेद आहे तो कोणते रुमाल सोडून त्यांच्या नकला काढल्या जातात एवढाच. इन्सुलिनसारखे संप्रेरक पेशीच्या दारावर थाप मारून बाहेरच थांबते. स्टेरॉइड स्निग्ध जातीचे असल्याने पेशीच्या आवरणातून सरळ आत जाते. तेथे ग्राही नावाचे एक प्रथिन त्याची वाट पाहत असते. दोघांची जोडी जमली की ती केंद्रकात शिरते आणि डीएनएवरील ठराविक जागी जाऊन बसते. मग दाह शमविणाऱ्या प्रथिनांच्या, उदाहरणार्थ ॲनेक्सिन-१ च्या, नकला वाढतात. उलटपक्षी, एनएफ-कप्पा-बी नावाचे जे प्रथिन दाहाचे रुमाल सोडावयास लावते, त्याचा हात धरला जातो, व इंटरल्यूकिन-६ सारख्या धोक्याची हाळी देणाऱ्या प्रथिनांच्या नकला कमी होतात. आधी नक्कल, मग प्रथिन, असा हा क्रम असल्यामुळे औषधाचा मुख्य परिणाम दिसण्यास काही तास लागतात.

आता इंग्लंडमधील त्या प्रयोगाकडे वळू. त्यात रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त १० दिवस दिले गेले. कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांत नेहमीच्या उपचारांनी २८ दिवसांत शेकडा ४१.४ दगावले, तर स्टेरॉइड मिळालेल्यांत शेकडा २९.३. परंतु ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना काहीच लाभ झाला नाही. त्यांच्यातील मृत्यूंचा आकडा उलट थोडा अधिकच दिसला. कारण उघड आहे. गंभीर अवस्थेत फुप्फुसाचा नाश पुष्कळसा आपल्याच श्वेतपेशींच्या अनावर दाहाने होतो. तेथे हाळी बंद करणे इष्ट. आजाराच्या आरंभी मात्र विषाणू वाढत असतो आणि त्या पेशींचीच गरज असते. त्यांना त्या वेळी गप्प बसविणे म्हणजे चोर घरात असता राखणदाराला झोपविणे होय.

आणखी एक गोष्ट आहे, आणि काळ्या बुरशीचा उलगडा तिच्यात आहे. हेच स्टेरॉइड यकृतात शिरले म्हणजे साखर तयार करणाऱ्या प्रथिनांचे रुमाल सोडावयास लावते. रक्तातील साखर वाढते, श्वेतपेशी मंदावलेल्या असतात, आणि एरवी माती व कुजका पाला ह्यांत निरुपद्रवी राहणाऱ्या बुरशीला नाकातून वर चढण्यास मार्ग मिळतो.

औराद तालुक्यात काय किंवा सीमेपलीकडे काय, गुडघेदुखीवर निनावी पुड्या घेणारी माणसे भेटतात. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. म्हणूनच आराम झटपट पडतो. बाहेरून संप्रेरक येत राहिले की मेंदूकडून अधिवृक्क ग्रंथींना जाणारा हुकूम थांबतो व त्या ग्रंथी सुकतात. मग पुडी एकाएकी बंद केल्यास रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. ह्याच कारणासाठी डॉक्टर पुष्कळ दिवस चाललेली मात्रा हळूहळू उतरवितात. (दम्याच्या पंपातील स्टेरॉइडाचा मात्र धसका घेऊ नये, त्याची मात्रा अल्प असून ती मुख्यतः फुप्फुसातच पोचते.) संतपूरहून अशा रोग्याला बिदरला वा उदगीरला न्यावे लागले, तर तो कोणती पुडी किंवा गोळी किती दिवस घेत होता हे डॉक्टरांना प्रथम सांगावे, आणि उरलेली पुडी सापडल्यास तीही सोबत न्यावी.