मुरारबाजी कोणत्या खान्यात?

प्रश्न : माझा मुलगा ‘फायर एम्ब्लेम’ ही व्हिडिओ गेमची मालिका खेळतो. तिच्यातले शत्रू ठरावीक नमुन्यांचेच असतात म्हणून त्याने वहीत तक्ता केला आहे. असं वर्गीकरण खरंच आहे का? आणि आपले मुरारबाजी त्यात कुठे बसतील?
– एक वाचक, महाड

उत्तर : आहे, पण ते खेळणाऱ्यांनी केलेलं. मालिकेचा पहिला खेळ १९९० साली जपानमध्ये निन्टेंडोने आणला. त्यातल्या शत्रूंसारखी माणसं पुढच्या भागांत पुन्हा पुन्हा भेटू लागली, तेव्हा चाहत्यांनी नमुन्यांना मूळ पात्रांचीच नावं दिली.

सर्वांत गाजलेला नमुना कॅमसचा. हा शत्रूचा सेनापती, पण सज्जन. आपली बाजू चुकीची आहे हे त्याला कळतं, तरी तो धन्याला सोडत नाही. शेवटी मारावाच लागतो. १९९६ च्या भागातला एल्डिगन आणि २००४ च्या ‘द सेक्रेड स्टोन्स’मधली सेलेना त्याच वळणाची. (निर्मात्यांनाही कॅमसला सोडवेना. १९९२ च्या भागात तो स्मृती गेलेला, वेगळ्या नावाने परत येतो!) नवार मात्र दरोडेखोरांच्या टोळीतला भाडोत्री तलवारबाज. योग्य माणूस जवळ जाऊन बोलला की तो आपल्या बाजूला येतो. मिनर्व्हा नाइलाजाने लढते, कारण तिची धाकटी बहीण ओलीस असते. उरला गार्नेफ, पडद्यामागून सूत्रं हलवणारा जादूगार. हा नमुना मला सर्वांत कंटाळवाणा वाटतो.

तक्ता करताना शस्त्र किंवा पोशाख पाहू नये. माणूस त्या बाजूला का उभा आहे आणि त्याला वळवता येतं का, एवढंच विचारावं.

आता मुरारबाजी देशपांडे. ते आधी जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांच्या पदरी होते. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि त्यानंतर मुरारबाजी स्वराज्यात आले. म्हणजे इथे खाना नवारचा. फक्त ते भाडोत्री नव्हते. पुढे १६६५ मध्ये मोगलांनी पुरंदरला वेढा घातला. गड लढवणाऱ्या मुरारबाजींचं शौर्य पाहून मोगल सरदार दिलेरखानाने अभयाचा कौल देऊ केला, तो त्यांनी धुडकावला आणि खानाच्या बाणाने ते पडले, असं सभासद बखर सांगते. खेळाची सूत्रं दिलेरखानाच्या हाती आहेत असं समजा, की मुरारबाजी थेट कॅमस ठरतात. मात्र आपली बाजू चुकीची आहे ही कॅमसची बोच त्यांना नव्हती. तेव्हा मुलाला तक्त्यात आणखी एक रकाना आखायला सांगा : खेळतंय कोण?

चंद्ररावांचं मात्र अवघड आहे. या खेळातले बरेच सरदार सिंहासनाच्या चौकटीवरून हलतच नाहीत, कारण तिथे त्यांचं बळ वाढतं. चंद्रराव जावळी सोडून तुमच्याच तालुक्यातल्या रायरीवर गेले, आणि ती रायरीही १६५६ मध्येच पडली.