नांगर सुटले, गांव उठलें

गांव ओस पडलें कीं दोष महामारीस देण्याची रीत आहे. इंग्लंडांत अशीं तीन हजारांवर गांवें आहेत. पैकीं यॉर्कशायरांतील व्हॅरम पर्सीची हकीकत पाहावी. १३४८-४९ च्या प्लेगांत माणसें दगावलीं, तरी गांव टिकलें. पुढें धान्यापेक्षां लोकर किफायतशीर ठरली. औतांस माणसें पुष्कळ लागतात, मेंढरांस एक धनगर पुरे. म्हणून सुमारें १५०० सालीं जमीनदारानें उरलेलीं कुळें उठवून वहीत जमीन कुरणास सोडली. १५१७ च्या सरकारी चौकशींत त्याची नोंद आहे. चार नांगर बंद, चार घरें मोडलेलीं, एवढेंच. दप्तरांत आयुष्य गेलेल्या आम्हांस ती त्रोटक ओळ पुरेशी बोलकी वाटते. १९५० ते १९९० पर्यंत तेथें उत्खनन चाललें. आतां गवताखालीं जोत्यांचे उंचवटे दिसतात, आणि शेजारीं छप्पर नसलेलें चर्च.