शब्द उरतो, स्वर लोपतो

म्हैसूर येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्यास ‘आकाशवाणी’ असे नाव मिळाले. श्रोत्यांस वक्त्याचा चेहरा दिसत नसे. परंतु त्याच्या आवाजातील चढउतार कानी पडत, आणि त्यांवरून त्याचा भाव कळे.

आज आपण भ्रमणध्वनीवर संदेश लिहितो तेव्हा आवाजही लोपतो. उरतात ती केवळ अक्षरे. ‘वा, फारच हुशार!’ असे कोणी थट्टेने लिहिले, तर वाचणाऱ्यास ते बोचण्याचा संभव असतो. असे का व्हावे? लिहिणाऱ्याच्या मनात स्वर घुमत असतो, आणि तो वाचकासही ऐकू जाईल असे त्यास वाटते. जस्टिन क्रूगर व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच आढळले. आपला उपरोध ओळखला जाईल, असा लिहिणाऱ्यांचा भरवसा होता. वाचकांची उत्तरे मात्र निव्वळ अंदाजाहून फारशी सरस ठरली नाहीत.

म्हणून हरवलेल्या स्वराचे काम शब्दांकडूनच करवून घेतले पाहिजे. मराठीत ‘तुम्ही’ व ‘आपण’, म्हैसूरच्या कन्नडमध्ये ‘नीवु’, ही आदराची साधने हाताशी आहेत. अपरिचितास लिहिताना ती वापरावी. रागाच्या भरात लिहिलेला मजकूर घटकाभर बाजूस ठेवून पुन्हा वाचावा. जे समोरासमोर बोलण्यास जीभ धजणार नाही, ते लिहिण्यास बोटांनीही धजू नये.