पांढरे रान, काळे रान

एक अनुभव तुम्हां सर्वांना आहे. उन्हाळ्यात भर दुपारी काळी घोंगडी उन्हात टाका. शेजारी पांढरे धोतर वाळत घाला. घटकाभराने दोहोंवर हात ठेवून पाहा. घोंगडी चटका देते. धोतर तेवढे तापत नाही. असे का? काळा रंग ऊन पिऊन घेतो. पांढरा रंग ऊन परत फेकतो. एवढे ध्यानात ठेवा. आजचा सगळा धडा त्यावरच उभा आहे.

आता आपण दूर उत्तरेकडे जाऊ. रशियातला सायबेरिया, कॅनडा, फिनलंड हे ते मुलूख. तिथे कित्येक महिने जमिनीवर बर्फ असतो. ताज्या बर्फावर रुपयाएवढे ऊन पडले, तर त्यातले ऐंशी-नव्वद पैसे तो परत फेकतो! त्या लखलखाटाने डोळे दिपतात. म्हणून तिथले इन्यूट लोक हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीला बारीक चीर पाडून ती डोळ्यांवर बांधत. ऊन परत गेले, की जमीन तापत नाही. ती गारच राहते.

पण त्याच मुलखात मोठमोठी जंगले आहेत. तिथे स्प्रूस आणि पाइन ही झाडे उभी असतात. त्यांची पाने सुईसारखी, गडद हिरवी. हिवाळ्यातही ती गळत नाहीत. फांदीवरचा बर्फ घसरून खाली पडतो. वर उरते काळपट झाड. त्यातून तिथे सूर्य खालून, तिरपा चालतो. त्याचे ऊन आधी झाडालाच लागते. असे जंगल रुपयातले दहा-वीस पैसेच परत देते. बाकीचे पिऊन घेते, आणि तापते.

ही गोष्ट जाणत्यांच्याही नजरेतून सुटली होती बरे का! युरोपातल्या हवामान केंद्राच्या हिशेबात बर्फातले जंगल फार पांढरे धरले होते. त्यामुळे वसंत ऋतूत तिथे खऱ्याहून जास्त थंडीचा अंदाज निघे. 1994 ते 1996 या काळात कॅनडाच्या जंगलांत मनोरे उभारून मोजमाप झाले. मग 1996 साली तो हिशेब दुरुस्त केला.

मी शाळेत मुलांना सांगत असे, झाड लावले की गारवा आलाच. ते पुरते खरे नव्हते. झाड हवेतला कोळशाचा वायू शोषते, त्याने पृथ्वीचा ताप कमी होतो. पण पांढऱ्या बर्फाच्या रानात काळी झाडे लावली, तर ऊन जास्त मुरते. 2000 साली रिचर्ड बेट्स या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला. काही ठिकाणी लाभापेक्षा ताप जास्त निघाला.

मग तिथली जुनी जंगले तोडावीत काय? मुळीच नाही. त्या झाडांत आणि मातीत फार मोठा कोळसा साठलेला आहे. पशुपक्षी आणि माणसे त्यांवरच जगतात.

आणि आपण काय करावे? आपल्या शिवारात बर्फ पडत नाही. इथे झाड सावली देते, पानांवाटे पाण्याची वाफ सोडून हवा गार करते. आपण झाडे जरूर लावावीत. पण जमीन पाहून पेरावे, तसे मुलूख पाहून झाड लावावे.

प्रश्न
1. घोंगडी धोतरापेक्षा जास्त का तापते?
2. बर्फातले जंगल काळपट का दिसते?
3. तुमच्या घराचे छप्पर कोणत्या रंगाचे आहे? ते किती तापते?