माउथ ऑर्गन एवढ्यात बदलू नकोस

चि. सई हिस,


भाऊजींबरोबर पाठवलेला तुझा माउथ ऑर्गन बरेच दिवस वाजवून पाहिला. ‘हा टाकून होनर घेऊ का?’ असं विचारलंस. एवढ्यात नको.

चार ते सात या घरांत आवाज चांगला भरीव आहे. पहिलं घर जरा आळशी, फुंकल्यावर क्षणभर थांबून बोलतं. आठच्या पुढे बाजा किंचाळतो, पण तिथे तुझं तसंही फारसं काम नाही. एकेक घर अगदी हळू ओढून पाहिलं. हवा कुठे गळत नाही. या किमतीत आणखी काय मागायचं?

‘म आणि ध लागतच नाहीत’ ही तक्रार मात्र त्याच्या माथी मारू नकोस. पांढरी एकच्या दहा घरांच्या बाजात खालच्या सप्तकात हे दोन सूर ठेवलेलेच नसतात. १८९६ पासून निघणाऱ्या होनरच्या मरीन बँडमध्येही नाहीत. सा चौथ्या घरात फुंकून धर. मग पाचवं ओढलंस की म, सहावं ओढलंस की ध. सातव्यात श्वास उलटा होतो: आधी ओढून नी, मग फुंकून सा. भलेभले इथे अडखळतात.

आता टिकण्याचं. चौथ्या घराचा ओढायचा रे उतरलाय, ट्यूनरवर स्पष्ट दिसतं. रीड म्हणजे एका टोकाला जखडलेली पितळेची पातळ पट्टी. सतत जोर लावला की ती बुडाशी थकते; आधी सूर उतरतो, मग चीर जाते. तू सूर वाकवायला लागली आहेस वाटतं! ते काम जिभेचं नि घशाचं, छातीचं नव्हे. अशीच ओढत राहिलीस तर होनरचीही रीड जाईल, फक्त खिशाला जास्त चाट बसेल.

आणि खाऊन लगेच वाजवत जाऊ नकोस. पाचव्या घरातून शेंगदाण्याचं साल निघालं! मधली चौकट प्लॅस्टिकची आहे म्हणून बरं, लाकडाची थुंकीने फुगते. वाजवून झाल्यावर घरं खाली करून तळहातावर आपट, आणि वाळल्याशिवाय डबीत ठेवू नकोस.

याच्या झाकणांना स्क्रू आहेत, त्यामुळे साफ करता येतो. सोबत छोटा स्क्रूड्रायव्हर पाठवतोय. झाकणं तेवढी काढ, रीडला बोट लावू नकोस. उतरलेला रे मी पुढच्या खेपेला आलो की बघतो.

तुझा,
मामा